समोरच्याचं बघून आपण नकळत तसंच का करतो? आणि कधी करत नाही?

कृष्णाकाठ

डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवरची मुलगी एका बाजूला कलली की खाली उभे असलेले लोकही अंग वाकडं करतात. कुणी सांगितलेलं नसतं आणि त्याचा तिला काही उपयोगही नसतो. दोरीवरच्या नर्तकाकडे बघणारी गर्दी अशीच अंग पिळते, तोल सावरते, हे अ‍ॅडम स्मिथनं १७५९ मध्येच लिहून ठेवलंय. (हो, अर्थशास्त्रवाला तोच स्मिथ.) पण त्याची नीट मोजदाद व्हायला पुढे सव्वादोनशे-अडीचशे वर्षं जावी लागली.

मी मानसशास्त्र शिकवते. हा विषय वर्गात निघाला की मुलं पटकन म्हणतात, "म्हणजे मेंढरं ना मॅडम?" मला ते खटकतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते आणि तुमचेही अनुभव वाचायला आवडतील.

१९९९ मध्ये तान्या शार्ट्रँड आणि जॉन बार्घ यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेला प्रयोग बराच गाजला. विद्यार्थ्याला एका अनोळखी व्यक्तीसोबत बसवायचं आणि दोघांनी आळीपाळीनं फोटोंचं वर्णन करायचं, एवढंच काम. ती अनोळखी व्यक्ती प्रयोग करणाऱ्यांचीच माणूस. एक जण बोलताना सारखा चेहऱ्याला हात लावायचा, दुसरा पाय हलवत बसायचा. विद्यार्थ्यांचं चित्रीकरण पाहिलं तर पहिल्यासोबत बसल्यावर त्यांचाही हात चेहऱ्याकडे जास्त जात होता आणि दुसऱ्यासोबत पाय जास्त हलत होते. नंतर विचारलं, तर हे कुणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

मग त्यांनी डाव उलटवला. आता त्या सहकाऱ्यानं विद्यार्थ्याच्या बसण्याची, हालचालींची हलकीशी नक्कल करायची. ज्यांची नक्कल झाली त्यांना तो माणूस जास्त आवडला आणि गप्पाही अधिक सहज झाल्यासारख्या वाटल्या. नऊपैकी ५.९१ आणि ६.६२, एवढाच फरक. मोठा नाही, पण ज्या गोष्टीचा पत्ताच नाही तिच्यामुळे पडलेला.

माझं म्हणणं असं की अशी नक्कल होणं हा काही मनाचा दुबळेपणा नाही. ती आतून सतत चालूच असते. कुणाच्या बाबतीत आपण तिला मोकळी सोडतो आणि कुणाच्या बाबतीत आवरतो, तिथे खरी गंमत आहे. लिहा.

जांभूळवन

पहिल्या परिच्छेदालाच मान डोलावली आणि मग लक्षात आलं की आपण एकटेच बसलोय. :)

जांभईचं काय, ताई? ती तर नुसती वाचूनही येते. आमच्याकडे रात्री एकाला आली की सगळं घर जांभया देतं, शेवटी कुत्राही. फक्त धाकट्याला येत नाही. तीन वर्षांचा आहे.

कृष्णाकाठ

जांभूळवन, धाकट्याची काळजी नको. दुसऱ्याची पाहून जांभई येणं साधारण चार-पाच वर्षांच्या आसपास सुरू होतं. त्याआधी मुलं आपापली जांभई देतात, अगदी पोटातही देतात, पण ती 'लागत' नाही. आणि कुत्र्याचंही खरं आहे. २००८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी २९ कुत्र्यांसमोर माणसाला जांभया द्यायला लावल्या, तर २१ कुत्र्यांनी जांभई दिली. तोंड उघडलं पण जांभई दिली नाही, तेव्हा एकानंही नाही.

मात्र जांभई मी थोडी वेगळी धरते. तिचा सगळा आराखडा शरीरात आधीपासून तयार असतो, दुसऱ्याची पाहून फक्त बटण दाबलं जातं. पाय हलवणं, हनुवटीवर हात ठेवणं, बोलण्याचा हेल उचलणं यात कुणाचं उचलायचं याला पुष्कळ वाव असतो.

संथ_वाचक

वाचतोय. छान धागा.

वर्धा_रोड

हेल उचलण्याचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मी मूळचा पुण्याचा, नोकरीनं नागपुरात आलो. पहिलं वर्ष सरायच्या आतच बायको म्हणाली, "तुम्ही फोनवर 'येऊन राहिलो' म्हणालात." मला कबूलच होईना. मग ऑफिसातल्या बैठकीचं ध्वनिमुद्रण ऐकलं. मी चक्क "ते काम करून राहिले ते लोक" असं म्हणतोय, आणि शब्दच नाही तर वाक्याच्या शेवटी आवाज चढवण्याची पद्धतही इथली.

बरं, हे सगळ्यांशी होत नाही. आमच्या टेबलावर जेवणारे जे चार जण आहेत त्यांच्याशी बोलताना होतं. वरचे साहेबही इथलेच, त्यांच्याशी बोलताना मात्र माझी मराठी एकदम शाळेच्या पुस्तकातली होते. मी ठरवून काहीच करत नाही.

एकदा कँटीनमधल्या काकांना वाटलं मी त्यांची टिंगल करतोय. फार वाईट वाटलं. कसं समजावणार की बाबांनो, हे माझ्याकडून होतं?

सातासमुद्रापार

अगदी! मी न्यू जर्सीत, माहेर कोल्हापूरचं. आईचा फोन ठेवल्यावर दहा मिनिटं तरी नवऱ्याशी "काय करायलाईस?" असंच बोलते. तो नाशिकचा आहे, त्याला लगेच कळतं कुणाचा फोन होता ते.

कृष्णाकाठ

वर्धा_रोड, तुमचं जेवणाचं टेबल आणि साहेबांची खोली हा फरक फार महत्त्वाचा आहे, आणि तो संशोधनातही दिसतो.

हॉवर्ड जाइल्स यांनी १९७०च्या दशकात याच गोष्टीचा अभ्यास सुरू केला. ज्याच्या जवळ जावंसं वाटतं त्याच्याकडे आपली बोली झुकते आणि ज्याच्यापासून अंतर ठेवायचं त्याच्यापासून ती लांब सरकते. १९७७ मध्ये त्यांनी आणि रिचर्ड बुरी यांनी वेल्समध्ये केलेला प्रयोग मला फार आवडतो. हौसेनं वेल्श भाषा शिकायला आलेल्या प्रौढ लोकांना इंग्लंडच्या प्रतिष्ठित इंग्रजीत बोलणारा एक माणूस प्रश्न विचारत होता. साधे प्रश्न चालू होते तोवर ठीक. मग त्यानं मध्येच विचारलं की या मरणपंथाला लागलेल्या भाषेचा उपयोग काय. लगेच त्या लोकांच्या इंग्रजीतला वेल्श हेल ठळक झाला. काहींनी उत्तरात वेल्श शब्द वापरले. एक बाई काही वेळ गप्प राहिल्या आणि मग एका क्रियापदाची रूपं वेल्शमध्ये म्हणून दाखवू लागल्या, तीही फार सभ्य नसलेल्या क्रियापदाची.

दुसरा अभ्यास मॉली बेबल यांचा, २०१० सालचा. न्यूझीलंडच्या लोकांना ऑस्ट्रेलियन माणसाचा आवाज ऐकवून त्याच्यामागून शब्द म्हणायला लावले. त्यांचे स्वर नकळत ऑस्ट्रेलियन उच्चाराकडे सरकले. ज्यांच्या मनात ऑस्ट्रेलियाबद्दल आपुलकी जास्त होती त्यांचे अधिक सरकले, मग त्या आवाजाचा मालक आधी न्यूझीलंडबद्दल चांगलं बोललेला असो की वाईट.

म्हणजे कँटीनमधल्या काकांना तुम्ही खरं तेच सांगू शकता. काका, तुमच्यात राहून राहून तुमच्यासारखं बोलायला लागलो. टिंगल करणारा माणूस ठरवून आणि वाढवून बोलतो. तुमच्या तर ध्वनिमुद्रण ऐकेपर्यंत कानावरही आलेलं नव्हतं.

तिसरी_घंटा

ताई, एवढं लांब कशाला जायचं? याचं उत्तर मिळालेलं आहे की. मेंदूत मिरर न्यूरॉन नावाच्या पेशी असतात. समोरच्यानं हात उचलला की आपल्या मेंदूतली हात उचलायची पेशी पेटते. संपलं.

मेंदूवैद्य

तिसरी_घंटा, इतकं सरळ नाही ते. जरा लांबण लावतो, कारण या पेशींच्या नावावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वाट्टेल ते खपवलं गेलंय.

इटलीत पार्मा इथे जाकोमो रिझोलात्ती आणि त्यांचे सहकारी माकडाच्या मेंदूतल्या एकेका पेशीचं काम नोंदवत होते. माकडानं वस्तू उचलली की पेटणाऱ्या काही पेशी, प्रयोग करणाऱ्यानं वस्तू उचललेली माकडानं नुसती पाहिली तरी पेटत होत्या. हे १९९२ मध्ये छापून आलं आणि नाव १९९६ मध्ये मिळालं. शोध मोठाच आहे. पण ती माकडं समोरच्याची नक्कल करत नव्हती, शांत बसून बघत होती. मग पेशी पेटल्या म्हणून नक्कल होते असं कसं म्हणायचं?

दुसरा प्रश्न असा की या पेशी अशा झाल्या कशा? जन्मतःच, की सवयीनं? लंडनमध्ये कॅरोलिन कॅटमर, व्हिन्सेंट वॉल्श आणि सेसिलिया हेज यांनी २००७ मध्ये यावर एक साधा आणि नामी प्रयोग केला. पडद्यावरच्या हाताची तर्जनी हलताना दिसली की आपली करंगळी हलवायची आणि करंगळी दिसली की तर्जनी. असा उलटा सराव लोकांना भरपूर दिला. मग डोक्याबाहेरून चुंबकीय झटका देऊन बोटांच्या स्नायूंचा प्रतिसाद मोजला. सरावाआधी तर्जनी हलताना पाहिली की तर्जनीचा स्नायू जास्त सज्ज व्हायचा. सरावानंतर तर्जनी पाहून करंगळीचा स्नायू सज्ज होऊ लागला. जन्मजात आणि पक्कं असतं तर ते थोड्याशा सरावानं उलटलं नसतं.

म्हणून मला हेज यांचं म्हणणं पटतं. 'पाहणं' आणि 'करणं' यांची गाठ वारंवार एकत्र घडण्यानं पडते. आपण स्वतःचा हात हलताना बघतो, आरशात बघतो, इतरांसोबत टाळ्या वाजवतो, एका तालात पावलं टाकतो. आणि लहानपणी मोठी माणसं आपली नक्कल करतात, ते तर सर्वांत जास्त.

हे किती आपोआप होतं ते घरी करून बघता येईल. दगड-कागद-कात्री खेळा. दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी असेल तर बरोबरी तीनात एकदा व्हायला हवी. रिचर्ड कुक आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या प्रयोगात ती ३३.३ टक्के वेळा झाली. एकाचे डोळे उघडे ठेवले तर ३६.३ टक्के. डोळे उघडे असणाऱ्याला खरं तर जिंकायचं होतं, जिंकण्याबद्दल पैसेही ठेवले होते, आणि बरोबरीनं त्याचा काहीच फायदा नव्हता. तरी समोरच्याच्या हाताची हालचाल सुरू होताना दिसली की त्याचा हात तसाच उघडायचा.

तिसरी_घंटा

धन्यवाद डॉक्टर. माझ्या डोक्यात एक भाषण ऐकून ते पक्कं बसलं होतं. पण मग समोर बसलेल्या प्रत्येकाची नक्कल आपण का करत सुटत नाही?

मेंदूवैद्य

कारण मेंदूचा पुढचा भाग ती थांबवतो. पॅरिसचे मज्जारोगतज्ज्ञ फ्रांस्वा लेर्मित यांनी १९८०च्या दशकात हे फार बारकाईनं नोंदवलंय. कपाळामागच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांसमोर ते बसायचे आणि काहीही न सांगता हावभाव करायचे. हनुवटीखाली हात ठेव, कागदाची घडी घाल, पाय आपट. रुग्णही तेच करायचा. का करताय असं विचारलं तर म्हणायचा की करायला हवं असं वाटलं. करू नका असं सांगितल्यावरही थोड्या वेळानं पुन्हा सुरू. निरोगी माणसांपुढे हेच केलं तर ती बुचकळ्यात पडून नुसती बघत राहायची.

उंबरठा_

डॉक्टर, तुमचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या सासऱ्यांना याच भागाचा विस्मृतीचा आजार होता. मी भाजी निवडायला बसले की ते समोर बसून हवेतच शेंगा सोलल्यासारखी बोटं हलवायचे. मी पदर सावरला की ते सदऱ्याचा खांदा ओढायचे. घरातल्या मुलांना वाटायचं आजोबा चिडवतात. नणंद एकदा रागावली त्यांच्यावर. ते आम्हाला चिडवत नव्हते हे कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, पण हे असं होईल आणि ते आजाराचाच भाग असेल, हे कुणी बोललंच नाही.

मेंदूवैद्य

ताई, हे घरच्यांना सांगितलंच पाहिजे, आणि ते सहसा सांगितलं जात नाही हे तुमचं खरं आहे. कपाळाच्या आणि कानशिलाच्या भागातल्या विस्मृतीच्या आजारात अशी नक्कल होते. तिला हरकत घेऊन उपयोग नसतो. उलट तिचा आधार घेता येतो. जेवायला सांगून कळत नसेल तर समोर बसून आपण घास घ्यायचा, पुष्कळदा तेही घेतात. कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर हे करून बघा.

उंबरठा_

ते मात्र आम्ही करायचो, आपसूकच. सासूबाई त्यांच्यासमोर बसूनच जेवायच्या.

चिमणचारा

घासावरून आठवलं. माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. तिला मऊ भात भरवताना चमचा तिच्या तोंडाजवळ गेला की माझंच तोंड 'आ' होतं. सासूबाईंचं होतं, शेजारच्या काकूंचं होतं, परवा तर भावोजींचंही झालं. तिनं आमचं बघून तोंड उघडावं म्हणून आपण हे करतो ना?

कृष्णाकाठ

सगळ्यांना तसंच वाटतं! १९६८ मध्ये ओटूल आणि डुबिन या दोघांनी आयांना बाळांना भरवताना पाहून याची नोंद केली. बहुतेक वेळा आधी बाळाचं तोंड उघडत होतं आणि मग आईचं. शिकवणारी आपण आहोत असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात मागून जाणारी आपणच असतो.

पुढच्या वेळी नीट बघा आणि इथे लिहा. किंवा भावोजींना बघायला लावा, कारण स्वतःचं स्वतःला दिसत नाही.

पाटी_पेन्सिल

पण तान्ही मुलंसुद्धा जीभ काढून दाखवली की जीभ काढतात असं आम्हाला बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमात होतं. म्हणजे ते जन्मजात नाही का?

कृष्णाकाठ

ते १९७७ चं. मेल्टझॉफ आणि मूर यांनी १२ ते २१ दिवसांच्या बाळांवर काम करून तसं मांडलं आणि ते पाठ्यपुस्तकांत गेलं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात १०६ बाळांना पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या आठवड्यात पुन्हापुन्हा पाहिलं. जीभ दाखवली तरी बाळं जीभ काढायची आणि दुसरं काही दाखवलं तरी काढायचीच. नक्कल म्हणावी असं काही सापडलं नाही. मेल्टझॉफ यांच्या गटानं त्या अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले आहेत. वाद मिटलेला नाही, पण मी आता ते वर्गात पक्कं सत्य म्हणून सांगत नाही.

मोठी झाल्यावर मात्र मुलं किती हुशारीनं नक्कल करतात बघा. हा भाग नकळत होणाऱ्या नकलेपेक्षा वेगळा आहे, तरी सांगते. १४ महिन्यांच्या मुलांसमोर एका बाईनं कपाळ टेकवून दिवा लावला. तिचे हात मोकळे होते तेव्हा ६९ टक्के मुलांनीही पुढे कपाळानंच दिवा लावला. तीच बाई थंडी वाजतेय म्हणून दोन्ही हातांनी शाल गुंडाळून बसली होती तेव्हा फक्त २१ टक्के मुलांनी. हात अडकले होते म्हणून तिनं कपाळ वापरलं हे मुलांनी ओळखलं. बोलताही न येणारी मुलं! गेरगेली आणि सहकारी, २००२.

पाटी_पेन्सिल

वा! आणि तरी हीच मुलं तीन-चार वर्षांची झाली की निरर्थक गोष्टीही जशाच्या तशा करतात. आमच्या बालवाडीत गणपतीची आरती झाली की एकूण एक मूल ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावतं, निरांजन विझलेलं असलं तरी.

कृष्णाकाठ

अगदी बरोबर निरीक्षण. हॉर्नर आणि व्हाइटन यांनी २००५ मध्ये युगांडातल्या चिंपांझींना आणि स्कॉटलंडमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना एका पेटीतून खाऊ काढून दाखवला. मध्ये एक निरुपयोगी कृतीही केली. पेटी पारदर्शक होती आणि ती कृती निरुपयोगी आहे हे दिसत होतं, तेव्हा चिंपांझींनी ती गाळली. मुलांनी केली. खाऊ मिळवणं एवढंच मुलांच्या मनात नसतं, 'आपल्यात हे असं करतात' तेही ती शिकत असतात. चिंपांझींपुढे ती कमी पडली असं मला अजिबात वाटत नाही. आरती, रांगोळी, स्वयंपाकातल्या रीती, कारण विचारत बसलं तर पुढच्या पिढीपर्यंत पोचल्याच नसत्या.

खिडकीपाशी

मी विक्री विभागात आहे. आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं की ग्राहकाच्या हालचालींची नक्कल करा, तो मागे रेलला की तुम्ही रेला, त्याचाच शब्द वापरा. खरंच काम होतं का यानं?

कृष्णाकाठ

शब्दांचं काही प्रमाणात होतं. नेदरलँड्समध्ये रिक फान बारेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एका हॉटेलातल्या वेट्रेसला गिऱ्हाइकाची ऑर्डर शब्द न बदलता परत म्हणायला सांगितली. नुसतं "बरं, आणते" म्हणण्यापेक्षा यानं टिप जास्त मिळाली. मला यात गैर काही वाटत नाही. माझं म्हणणं नीट ऐकलं गेलं एवढं गिऱ्हाइकाला कळलं.

हालचालींची ठरवून केलेली नक्कल मात्र करू नका असं मी तुम्हाला मनापासून सांगेन. एक तर ती लक्षात आली की समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं आणि ते रास्तच आहे. दुसरं म्हणजे कुणाची नक्कल करतो यावरूनही माणूस तोलला जातो. २०११ मध्ये कॅव्हनॉ आणि सहकाऱ्यांनी मुलाखतीच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. मुलाखत घेणारा उर्मट होता आणि उमेदवार त्याच्या हालचालींची नक्कल करत होता, तेव्हा बघणाऱ्यांना तो उमेदवार कमी कुवतीचा वाटला. नक्कल झाली आहे हे त्यांच्या लक्षात आलेलं नसतानाही.

जवळीक असेल तर शरीर ते आपणहून करतं. ते तसंच होऊ द्यावं.

आरोही_अवरोही

गाणं शिकवते, म्हणून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे शिष्य गुरूची गायकी उचलतो हे सगळे म्हणतात. पण तो गुरूचा हात उचलतो हे फार कमी लोक बोलतात. माझ्या गुरुजींना मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं) घेताना डावा हात पाण्यातून ओढल्यासारखा आणायची सवय होती. आम्ही समोर बसून शिकलेल्या सगळ्यांचा हात तसाच जातो. गुरुजींनी हाताबद्दल कधी अवाक्षरही काढलं नाही. आता माझ्या विद्यार्थिनींचाही जातो, आणि त्यांनी गुरुजींना पाहिलेलंही नाही. मॅथ्यू रहाइम या अमेरिकी अभ्यासकानं हिंदुस्थानी गायकांच्या हातांवरच २०१२ मध्ये पुस्तक लिहिलंय, त्यात परंपरेतून आलेल्या या शरीराचा विचार आहे.

ध्वनिमुद्रणावरून शिकलेल्यांचं निराळं. कुमार गंधर्व लहानपणी तबकड्यांवरची मोठ्या गवयांची गाणी हुबेहूब म्हणायचे, पण ती स्वराची नक्कल होती, आणि जाणून केलेली. आता करोनानंतर माझे निम्मे विद्यार्थी पडद्यावर शिकतात. त्यांचा सूर नीट लागतो, पण हात येत नाही. पडद्यात मी गळ्यापर्यंतच दिसते ना. आणि हात न येणाऱ्यांची मींड थोडी तुटकच राहते असं माझं स्पष्ट मत झालंय. त्यामुळे कॅमेरा मागे सरकवून बसायला लागले आहे.

वर्धा_रोड

फार सुंदर प्रतिसाद, आरोहीताई.

गोदाकाठी

सगळं ठीक, पण नकलेचा वाईट भाग कुणीच बोलत नाहीये. २१ सप्टेंबर १९९५ आठवतोय का? गणपती दूध पितो म्हणून देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे मूर्तीवर ओढलं जाऊन ओघळत होतं. आमच्या शेजारचे शास्त्राचे शिक्षकसुद्धा रांगेत होते.

कृष्णाकाठ

आठवतो. पण मी त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवेन. रांग लागते ती 'इतके लोक जमलेत म्हणजे काहीतरी असणार' या अंदाजानं. तिथे माणूस इतरांच्या वागण्याकडे माहिती म्हणून बघतो. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६९ च्या अभ्यासात न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावर हेच मोजलं. फुटपाथवर एक माणूस उभा करून त्याला समोरच्या इमारतीच्या खिडकीकडे बघायला लावलं, तर जाणाऱ्यांपैकी ४ टक्के थांबले. १५ जण उभे केले तर ४० टक्के थांबले आणि ८६ टक्क्यांनी मान वर केली. वर काहीच नव्हतं. यात थोडा भाग आपोआप वळणाऱ्या नजरेचा आहे आणि बराचसा अंदाजाचा.

तिसरा प्रकार सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांमधला. दिलेल्या रेघेएवढ्या लांबीची रेघ ओळखायची होती, आणि सगळ्यांनी धडधडीत चुकीची रेघ बरोबर म्हटली म्हणून आपणही म्हणायचं. तिथे माणसाला कळत असतं की हे चूक आहे, तो वेगळं पडायला घाबरतो. आपल्या बाजूनं एक जरी माणूस बोलला तरी हे झपाट्यानं कमी होतं. तुमच्या शेजारच्या शिक्षकांचं यातलं नक्की काय झालं, कोण जाणे. पण पाय हलवणाऱ्या शेजाऱ्याबरोबर पाय हलवणाऱ्याला यातलं काहीच वाटत नसतं, ना अंदाज ना भीती.

वेगळं पडण्याचा या नकळत नकलेशी एक संबंध मात्र आहे. २००८ मध्ये जेसिका लेकिन, शार्ट्रँड आणि आर्किन यांनी काही जणांना संगणकावरच्या चेंडूफेकीच्या खेळात मुद्दाम वगळलं. त्यांच्याकडे चेंडू येईचना. त्यानंतर ते पुढच्या खोलीत भेटलेल्या माणसाची नक्कल इतरांपेक्षा जास्त करू लागले. बायकांनी वगळलेल्या बायकांनी तर भेटलेल्या बाईची अधिकच. नव्या शाळेत आलेलं मूल आठवड्याभरात वर्गाच्या लकबी उचलतं तेव्हा मला हा प्रयोग आठवतो.

गोदाकाठी

हा भेद पटला. तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराबद्दल वेगळा धागा काढाच.

ओंजळ

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझा मुलगा स्वमग्न आहे, पाच वर्षांचा. सुरुवातीला एका ठिकाणी आम्हाला सांगितलं की याच्यात नक्कल करण्याची यंत्रणाच नाही, त्यामुळे तो शिकणार नाही. टाळ्या वाजव, टाटा कर असं त्याच्यासमोर करत राहायला सांगितलं. तो बघायचाही नाही.

मग दुसऱ्या थेरपिस्ट भेटल्या. त्या म्हणाल्या, "तुम्हीच त्याची नक्कल करा." तो तासन्‌तास गाडी उलटी करून चाक फिरवायचा. मी तसलीच गाडी आणली, त्याच्याशेजारी जमिनीवर पडले आणि चाक फिरवू लागले. तो थांबला की मी थांबायचे. तो 'ऊं' करायचा, मीही 'ऊं'. काही दिवस काहीच नाही. मग एकदा त्यानं चाक फिरवलं, थांबला आणि माझ्या गाडीकडे बघितलं. मी फिरवलं. त्यानं पुन्हा फिरवलं, थांबला आणि या वेळी माझ्या तोंडाकडे बघितलं. मुद्दाम थांबून बघत होता तो, मी करतेय का ते. मी रडत रडत चाक फिरवत होते.

आता तो माझं बघून लाटणं फिरवतो. माझा प्रश्न असा की 'यंत्रणाच नाही' हे खरं होतं का? आणि जांभई त्याला अजूनही लागत नाही, त्याचा काही अर्थ आहे का?

मेंदूवैद्य

ओंजळताई, 'यंत्रणाच नाही' हे पुराव्याला धरून नाही. स्वमग्नतेत मिरर न्यूरॉनच बिघडलेले असतात अशी एक कल्पना काही काळ फार जोरात होती. पण बोटांच्या किंवा हाताच्या आपोआप होणाऱ्या नकलेची थेट चाचणी घेतली, जशी २००७ मध्ये जेफ्री बर्ड आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न प्रौढांची घेतली, तेव्हा ती शाबूत आढळली. फरक बहुधा कुठे आणि कधी बघितलं जातं त्यात आहे.

जांभईचंही तेच. स्वमग्न मुलांना दुसऱ्याची जांभई कमी लागते असं काही अभ्यासांत दिसलं होतं. २०१३ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी मुलं जांभई देणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत आहेत याची खात्री करूनच चित्रफीत दाखवली. तेव्हा स्वमग्न मुलांनी इतर मुलांइतक्याच जांभया दिल्या. शिवाय तो पाच वर्षांचाच आहे, या वयात अनेक मुलांना ती लागत नाही. जांभईवरून काहीही ठरवू नका.

कृष्णाकाठ

ओंजळ, तुमच्या दुसऱ्या थेरपिस्टनी सांगितलं त्यामागे चांगलं काम आहे. फ्रान्समध्ये जॅकलीन नाडेल यांनी याच दिशेनं बरीच वर्षं काम केलं. त्यांच्यासोबत टिफनी फील्ड यांनी २००१ मध्ये स्वमग्न मुलांचे दोन गट केले. एका गटात मोठी माणसं मुलांशी नुसती खेळली, दुसऱ्या गटात त्यांनी मुलांची नक्कल केली. पुढच्या भेटींमध्ये नक्कल झालेली मुलं त्या माणसाकडे जास्त बघू लागली, त्याच्या जवळ जाऊन बसू लागली, त्याला हात लावू लागली.

एक विचारू का? तो थांबून तुमच्याकडे बघतो तेव्हा तुम्ही कधी मुद्दाम वेगळं काही केलंय का, म्हणजे चाक फिरवायच्या ऐवजी गाडीवर टिचकी मारणं वगैरे?

ओंजळ

नाही केलं. भीती वाटते, तो बघायचा थांबला तर?

कृष्णाकाठ

समजते. घाई नको. आधी थेरपिस्टशी बोला. त्यांना सांगा की तो आता तुम्ही नक्कल करताय का हे तपासतोय. हे त्यांच्या वहीत लिहिलं गेलंच पाहिजे, कारण समोरचं माणूस 'माझ्यामुळे' काहीतरी करतंय हे त्याला कळल्याची ती खूण आहे. त्या हो म्हणाल्या तर दहा वेळा त्याच्यासारखं करा आणि अकराव्यांदा एक टिचकी मारा, मग लगेच परत चाकाकडे या. त्यानं टिचकी मारली नाही तरी चालेल. तो गाडीकडे बघतो की तुमच्याकडे, एवढंच बघा.

ओंजळ

गुरुवारी सेशन आहे. विचारते आणि इथे लिहिते.